ब्रेकमधली हवा

धुळ्याला द्रौपदाबाईंच्या दारात बन्सीलाल पाटलाची फियाट थांबायची होती. तसं ठरलेलंच होतं. दारात रांगोळी होती, ओट्यावर सतरंजी होती, होणारे व्याही रुपचंदभाऊ टोपी सारखी करून पायरीवर उभे होते. त्यांच्या मागे खुर्चीत त्यांच्या मातोश्री द्रौपदाबाई बसल्या होत्या, ज्यांच्या होकाराशिवाय त्या घरात दुधाला विरजणसुद्धा लागत नसे. गाडी आली. बन्सीलालने ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, पार तळाला टेकला, आणि गाडी मात्र पांझरा नदीकडे उतरणाऱ्या त्या गल्लीतून तशीच पुढे निघाली. घाबरलेल्या माणसाला हातांचं काय करावं ते कळत नाही. बन्सीलालने एक हात खिडकीबाहेर काढून हलवला. पायरीवरच्या मंडळींनीही गोंधळून हात हलवले. मग बरीच घरं मागे टाकून फियाट कुणाच्या तरी बांधकामाच्या वाळूत शिरली आणि थांबली.

मंडळी चालत परत आली. चहा झाला, पोहे झाले, पण बोलण्यात काही जीव राहिला नाही. दोन दिवसांनी मध्यस्थ मगनभाऊ निरोप घेऊन आले. मगनभाऊ म्हणजे जळगावात बन्सीलालचे शेजारी आणि धुळ्यात रुपचंदभाऊंचे लांबचे नातलग. त्यांनी लग्न जमवण्याचं काम दोन्हीकडून अंगावर घेतलं होतं.

"म्हातारी काय म्हणाली, सांगू का?" मगनभाऊंनी विचारलं.

"सांगा."

"म्हणाली, 'ज्याले दारशी थांबता येत नही, त्यान्ही पोर मन्हा घरमा काय टिकी?'"

बन्सीलालची लेक रत्ना आतल्या खोलीत होती. मुलगा तिला आवडला होता. तसं ती कुणाला म्हणाली नव्हती, पण धुळ्याहून आल्यापासून तिने रेडिओला हात लावला नव्हता, आणि तिच्या आईला तेवढं पुरेसं होतं.

"येत्या रविवारी पुन्हा बोलावलंय," मगनभाऊ म्हणाले. "म्हातारी स्वतः दारात उभी राहणार आहे. या वेळी काय ते कायमचं."

"मग एस्टीने जाऊ," रत्नाची आई लिलाबाई म्हणाली. "एस्टी थांबते तरी."

हे बोलणं बन्सीलालला फार लागलं. लागणारच. पाटबंधारे खात्यातला शाखा अभियंता, सरकारी वसाहतीत मोटार असलेला एकमेव माणूस, वसाहत समितीचा सचिव, आणि त्याने लेकीच्या सासरी एस्टीच्या स्टँडवरून पिशव्या सांभाळत चालत जायचं? म्हणजे गाडीत खोट आहे हे कबूल करण्यासारखंच झालं. शिवाय गाडीत खोट आहे म्हणजे ती घेणाऱ्यात खोट आहे, असा अर्थ काढायला धुळ्याचे लोक बसलेलेच होते.

गॅरेजवाल्याने पॅडल दोनदा दाबून पाहिलं आणि सांगितलं, "साहेब, तेलात हवा शिरलीय. जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरायचं, चारी चाकांची हवा काढायची. पण लगीनसराई आहे. गाडी ठेवून जा, पंधरवड्याने बघू."

"हवाच काढायची ना?" बन्सीलाल हसला. "अहो, मैलोन्‌मैल पाइपातून पाणी नेतो मी. त्यातली हवा काढायला व्हॉल्व्ह कोण बसवतं? पाणी काय आणि तेल काय, शास्त्र एकच!"

माणसाला आपल्या खात्यावर इतका विश्वास असू नये, पण सरकारी नोकरीत तो बसतोच.

शास्त्र खरोखरच सोपं होतं. चाकाच्या आतल्या बाजूला एक छोटं निप्पल असतं. त्याला रबरी नळी लावायची आणि नळीचं दुसरं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवायचं. एकाने गाडीत बसून ब्रेकचं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखाली पडून निप्पल ढिलं करायचं. मग तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाटलीत येतात. निप्पल आवळायचं आणि मगच पॅडल सोडायचं. आवळण्याआधी पाय उचलला गेला, की बाहेर गेलेली हवा दुप्पट उत्साहाने परत आत शिरते. बुडबुडे यायचे थांबले की ते चाक झालं. दोन माणसांचं काम. गाडीखाली बन्सीलाल, आणि पॅडलवर कोण, हा प्रश्नच नव्हता. नवरा ज्या कामाला आपलं म्हणतो, त्यातलं अर्धं काम बायकोकडे असतंच.

"हे बघ," बन्सीलालने लिलाबाईला ड्रायव्हरच्या जागी बसवून समजावलं, "मी 'दाब' म्हटलं की दाबायचं आणि 'दाबलं' म्हणायचं. मी 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. बाकी एक अक्षर बोलायचं नाही. शास्त्रीय काम आहे."

"बरं," लिलाबाई म्हणाली.

गाडी जॅकवर चढली आणि अर्धी वसाहत गोळा झाली. सगळ्यात आधी सुकदेवभाऊ आले. ते एस्टीचे निवृत्त ड्रायव्हर. घाटात ब्रेक फेल झालेली गाडी आपण निव्वळ गिअरवर कशी उतरवली, ही हकिगत त्यांच्याकडे कायम तयार असायची, फक्त दर खेपेला घाट वेगळा असायचा.

"मागचं डावं चाक आधी घ्या, साहेब. सगळ्यात लांबचं."

"छे, छे," मगनभाऊ म्हणाले. त्यांच्याकडे सायकल होती. "पुढचं आधी. थांबते कोण? गाडीचं तोंड थांबतं ना आधी?"

"तोंड थांबलं आणि बूड गेलं पुढे, मग?"

यावर वसाहतीत दोन पक्ष पडले. सुकदेवभाऊंचं म्हणणं अगदी बरोबर होतं, पण ते इतक्या वेळा आणि घाटासकट सांगितलं गेलं, की बन्सीलालने केवळ स्वाभिमानापोटी पुढच्या चाकापासून सुरुवात केली. मग त्याला आपली चूक कळली, आणि ती कुणाला कळू नये म्हणून 'तपासणी झाली' असं म्हणत तो मागच्या चाकाकडे सरपटत गेला.

"दाब!"

"दाबलं!"

निप्पल ढिलं केलं. जुनं तेल बाहेर आलं, काळं आणि कडू, उकळून उकळून टाकून दिलेल्या चहासारखं. त्यात बुडबुडे होते. बन्सीलालला समाधान वाटलं. मग बाटलीतलं तेल सर्रकन नळीतून वर चढलं, बाटलीचा तळ दिसला, आणि निप्पलने हवेचा एक मोठा घोट घेतला.

"अगं, सोडलंस का?"

थोडा वेळ काही उत्तर नाही. मग वरून आवाज आला, "दाबलं!"

दिवसभर हेच चाललं. कधी दोन बुडबुडे, कधी वीस. चाक साफ होत आलं असं वाटावं आणि सर्रकन हवा आत जावी. बन्सीलालने निप्पल बदललं. चाकातलं रबर बदललं. दुसऱ्या दिवशीही रजा टाकून त्याने वरचा मुख्य सिलिंडर बदलला. त्या खटाटोपात नव्या तेलाचा उघडा डबा त्याने बॉनेटवर ठेवला, तो कलंडला, आणि ब्रेक ऑइल रंग खातं हे शास्त्र त्याला नव्याने कळलं. बॉनेटच्या मधोमध आख्ख्या चोपडा तालुक्याचा नकाशा उमटला. मगनभाऊंनी तो लगेच ओळखला आणि कोणतं गाव कुठे येईल तेही दाखवलं.

तेवढ्यात गाडीखालून बन्सीलालला सरकारी चपला दिसल्या. गाडीखाली पडलेल्या माणसाला सगळं जग घोट्यापर्यंतच दिसतं, आणि दोन दिवसांत तो वसाहतीतल्या माणसांना पायांवरून ओळखायला शिकला होता. या चपला कार्यालयातला शिपाई चिंधा याच्या होत्या.

"साहेब, नोटीस आहे," चिंधा खाली वाकून म्हणाला. "सही द्या."

नोटीस वसाहतीच्या आवारात वाहनदुरुस्ती करून जमिनीवर तेल सांडल्याबद्दल होती. खुलासा दोन दिवसांत मागितला होता. खाली सही बन्सीलालचीच होती. गेल्या वर्षी एका लिपिकाच्या स्कूटरवरून वाद झाला, तेव्हा त्याने असल्या कोऱ्या नोटिसा सह्या करून चिंधाकडे ठेवल्या होत्या.

"अरे, मी स्वतःलाच कशी नोटीस देईन?"

"नियम सगळ्यांना सारखा, साहेब. तुम्हीच सांगितलं होतं."

बन्सीलालने पडल्या पडल्या खुलासा लिहिला. संध्याकाळी समितीचा सचिव या नात्याने तो वाचला, आणि इमानेइतबारे सांगायचं तर त्याला तो समाधानकारक वाटला नाही. या गडबडीत बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल संपलं हे कुणी पाहिलं नाही, आणि पॅडल दाबलं तेव्हा वरूनही हवा आत गेली. आता खालून हवा आणि वरूनही हवा. सुकदेवभाऊंनी खेदाने मान हलवली आणि नवीन एक घाट सुरू केला.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी धुळं. बन्सीलालची बोटं काळी, डोळे लाल आणि आवाज बसलेला. रत्ना ओट्यावर तांदूळ निवडत होती आणि मधूनच गाडीकडे बघत होती. तिची नजर चुकवून बन्सीलाल पुन्हा गाडीखाली शिरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, की आपल्याला हे जमणार नाही. आणि आपल्याला एक ब्रेक जमला नाही म्हणून पोरीचं जमलेलं मोडणार.

"दाब!" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"दाबलं!"

निप्पल ढिलं केलं. बुडबुडे आले, कमी झाले, थांबत आले. आणि त्याच क्षणी पलीकडून चाकाशेजारी दोन पाय दिसले. पारोळ्याकडच्या चांभाराने शिवलेला, टोकाला वळलेला जोडा, आणि शेजारी काठी. हे आबांचे पाय. झिपरू आबा, बन्सीलालचे वडील, नातीच्या सुपारीसाठी गावाहून आठवडाभर आधीच येऊन राहिले होते आणि दिवसभर गाडीभोवती काठी टेकत फिरत होते. त्यांच्या पायांची बन्सीलालला सवय झाली होती. पण आत्ता त्या जोड्यासमोर आणखी दोन पाय येऊन उभे राहिले. जोडवी घातलेले, अनवाणी. ते पाय बन्सीलाल ओळखत होता. या क्षणी ते पाय पॅडलवर असायला हवे होते.

सर्रकन हवा आत गेली.

बन्सीलाल असा काही सटकन बाहेर आला, की डोकं सायलेन्सरला लागलं. बाहेर लिलाबाई डोक्यावर पदर घेऊन, नजर खाली घालून उभी होती. आबा तिच्यासमोर काठी टेकून उभे होते.

"तू... तू खाली उतरतेस?"

"आबा आले ना," लिलाबाई म्हणाली.

"आबा आले म्हणून?"

"मग? ते उभे आणि मी बसलेली? तुम्हीच सांगितलं होतं लग्नात. आबांसमोर बसायचं नाही."

बन्सीलालने वसाहतीकडे पाहिलं. वसाहत त्याच्याकडेच पाहत होती. आपल्या घरची सून सासऱ्यांसमोर कधी बसत नाही, हे तो चार लोकांत अभिमानाने सांगत आला होता. इतकी वर्षं ती उठतच आली होती, म्हणून उठणं हे तिच्या लेखी काही वेगळं काम नव्हतंच. आबा आले की ती उतरायची, आबा पुढे गेले की बसायची आणि पुन्हा प्रामाणिकपणे 'दाबलं' म्हणायची. बाकी बोलायचं नाही, असा हुकूमच होता. नवा सिलिंडर, नवी रबरं, चोपडा तालुका, नोटीस, खुलासा, सगळं या एका मर्यादेपायी झालं होतं, आणि ती मर्यादा घालून देणारा गाडीखाली पडून चाकाला शिव्या घालत होता. आबा त्याच्या भोवती काठी टेकत फिरत होते ते केवळ काळजीपोटी.

आबांना हळूहळू उलगडा झाला. त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"म्हंजे तू उठस म्हनीसन गाडी थांबत नही?"

लिलाबाईने मान हलवली.

"बैलले हो म्हनं का थांबस," आबा म्हणाले. "हाई लोखंडले कोन सांगी? बस, पोरी. आतेपाइन मन्हामोरे उठानं नही."

"पण आबा..."

"बस म्हनं ना! नातन्हं लगीन मोठं का मन्हं मोठेपन?"

लिलाबाई गाडीत बसली. सासरे खिडकीशी उभे आणि ती बसलेली, हे तिला इतकं अवघड गेलं की तिच्या कपाळाला घाम फुटला. आबा मुद्दाम तिथेच उभे राहिले, तिची सवय मोडावी म्हणून. तिचे गुडघे दर वेळी उठू पाहत होते आणि ती दर वेळी पॅडल आणखी जोराने दाबत होती. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. बुडबुडे संपले. पॅडल दगडासारखं घट्ट झालं. सुकदेवभाऊंनी गाडी मैदानात चालवून, जोरात ब्रेक मारून पाहिला, आणि त्यांना सांगायला घाट उरला नाही.

रविवारी निघताना आबांनी ठरवलं, "ज्यानी ब्रेक दाबना, तो मोरे बसी." तेव्हा फियाटच्या बाकासारख्या सलग पुढच्या सीटवर बन्सीलालशेजारी लिलाबाई बसली. मागे आबा, रत्ना आणि मांडीवर पेढ्यांचं खोकं घेतलेले मगनभाऊ. हँडब्रेकची मूठ ओढली की हातात येत असे, म्हणून तिला बन्सीलालने नारळाची पिशवी अडकवली होती. पायाचा ब्रेक एवढा पक्का असल्यावर हँडब्रेक हवा कुणाला?

गल्लीत गाडी शिरली. रांगोळी दिसली. रुपचंदभाऊ दिसले, आणि पायरीच्या वर उभ्या असलेल्या द्रौपदाबाई दिसल्या. बन्सीलालने पाय ठेवला. गाडी थांबली, अशी थांबली की पुढचं दार बरोबर रांगोळीसमोर आलं. बन्सीलालच्या छातीत अभिमान मावेना. गिअर काढून त्याने गाडी बंद केली. तोच द्रौपदाबाई पायरी उतरून समोर आल्या.

एवढी वडीलधारी बाई आपल्यासाठी उभी, आणि आपण बसलेलो! विचार करायला वेळच लागला नाही. बन्सीलाल दार उघडून झटकन खाली उतरला आणि दोन्ही हात जोडून वाकला.

त्याच्या शेजारून फियाट हलली. आधी हळू, मग जरा कमी हळू, पांझरेच्या दिशेने. रुपचंदभाऊंचा हात निरोपासाठी वर गेला. आतून रत्नाने "आई!" अशी हाक मारली. लिलाबाई सीटवरून सरकली, तिने पाय लांब करून सगळ्या ताकदीने पॅडल दाबलं, आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली, "दाबलं!"

गाडी थांबली. दारासमोरच, फक्त आता मागचं दार रांगोळीसमोर होतं.

द्रौपदाबाई काठी टेकत गाडीपाशी गेल्या. विहीणबाई खाली उतरेल, वाकून पाया पडेल, म्हणून सगळी गल्ली वाट बघत राहिली. लिलाबाई उतरली नाही. स्टिअरिंग धरून, पदर सावरून, समोर बघत बसून राहिली.

"अगं, ऊठ!" बन्सीलाल कुजबुजला. "मोठी माणसं उभी आहेत!"

"तुम्ही सोड म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

बन्सीलालने 'सोड' म्हणायला तोंड उघडलं, तोच मागून आबा गरजले, "आरे, म्हनू नको रे!"

"काब्र उठत नही वं माय?" द्रौपदाबाईंनी विचारलं. आवाजात धार होती.

लिलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाय हलला नाही. "आजी, मी उठले असते. तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. पण मी उठले की गाडी चालली, आणि गाडी चालली की तुम्ही म्हणाल, आम्हाला दाराशी थांबता येत नाही. तुम्ही मला वाईट म्हणा. माझ्या लेकीला म्हणू नका."

द्रौपदाबाईंनी एकवार तिच्याकडे पाहिलं, एकवार हात जोडून उभ्या असलेल्या बन्सीलालकडे पाहिलं. मग त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि रुपचंदभाऊंना दार उघडायला लावलं.

"तू उठू नको, माय," त्या आत सरकत म्हणाल्या. "मीच बससू. माय अशी थांबस, तं पोर बी थांबी."

मग त्यांनी मागे वळून रत्नाचा हात हातात घेतला आणि तो सोडलाच नाही. घरातून कुंकवाची वाटी गाडीत आली, खण आला, पेढे आले. कुणीतरी चाकाला मोठा दगड लावला, पण उतरायची आता कुणालाच घाई नव्हती. सुपारी तिथेच, फियाटच्या पुढच्या सीटवर फुटली. चहा आला तोही खिडकीतून.

बन्सीलालने दोनदा दाराशी जाऊन पाहिलं. पुढे दोघी बसलेल्या, मागे आबा, रत्ना आणि खोकं घेतलेले मगनभाऊ. त्याला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मोठ्या माणसांसमोर न सांगता बसायचं नाही हा तर त्याचाच नियम. मग आपल्या गाडीला टेकून, हातात चहाची बशी धरून, तो कार्यक्रम संपेपर्यंत उभा राहिला.